खंडेनवमीचा कॉम्प्युटर

सुभेदार जोतीराम म्हणजे पाटण रोडवरच्या गावात ताठ मानेनं फिरणारा माणूस. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, पेन्शनीवर आला, आणि चूक झाली की ती दुसऱ्याचीच, ही खोड तिकडनंच घेऊन आला. बायको चंद्राबाई म्हणायची, "ह्यांचं चुकलेलं मी अजून बघितलं न्हाई." तो टोमणा होता. सुभेदाराला ते कौतुक वाटायचं.

रोज संध्याकाळी नातीचं, राजनंदिनीचं, तोंड दिसावं म्हणून लेकानं पुण्याहून कॉम्प्युटर धाडला. मलकापूरच्या आसिफनं तो जोडून दिला. सुभेदाराला इंटरनेट सगळ्यात जोरातलं पाहिजे होतं. आसिफ म्हणाला, "आवं, दोघं जण तुमी. संध्याकाळी एक फोन आन् महिन्याला पेन्शनीची स्लिप. लहानातला पॅक लय झाला. पावसात वायर तुटली तर मोबाईलचं नेट कसं जोडायचं, ते शिकवून ठेवतो." मोठ्या पॅकवर त्याला जास्त सुटले असते, तरी त्यानं लहानच दिला. सुभेदार धरून माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये बहात्तर माणसं, आणि बहुतेकांच्या घरातलं मशीन आसिफच बघायचा.

मग खंडेनवमी आली. कोयता, खुरपं, मोटरसायकल ओळीनं मांडली, आणि औंदा शेवटी कॉम्प्युटर. करंट नको म्हणून सुभेदारानं आठवणीनं वायर काढली. हळदकुंकू वाहिलं, कॉम्प्युटरच्या वरच्या जाळीवर अक्षता टाकल्या, नारळ फोडला आणि पाणी सगळ्यांवर शिंपडलं. कॉम्प्युटरवर जरा जास्तच, नवा मानकरी म्हणून.

तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं. आसिफ आला.

"आत काय सांडलं हुतं का?"

"थेंब न्हाई," सुभेदार म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता. पूजेला सांडणं कोण म्हणतं?

आसिफनं जाळीकडं बघितलं आणि मशीन उचलून दुकानात नेलं. दोन दिवसांनी नवा पॉवर सप्लाय घालून चालू करून दिलं. "ओल गेली हुती," एवढंच बोलला. आठ दिवसांनी ते पुन्हा बसलं, नेमकं राजनंदिनीच्या वाढदिवशी. पोरगी तिकडं केक कापायची थांबली, आणि इकडं काळा पडदा.

सुभेदाराचं डोकं सटकलं. फोन काढून त्यानं ग्रुपवर लिहिलं, "मलकापूरच्या आसिफने माझ्या मशीनमधला चांगला माल काढून घेतला. सावध राहा." तासाभरात चाळीस उत्तरं आली. शेजारच्या आळीतल्या जयराजनं लिहिलं, "ती माणसं तसलीच." सुभेदारानं त्याखाली अंगठा लावला. विचार केला नाही, लावला आणि चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी कराडला नेलं. तिथल्या दुकानदारानं समोरच खोललं आणि बिलावरचे नंबर ताडून बघितले. "माल सगळा तुमचाच आहे. पॉवर सप्लाय तेवढा बदललाय, तोही अस्सल." मग तो चिमट्यानं मदरबोर्डच्या मागनं एकेक काढून कागदावर ठेवायला लागला. कुंकू लागलेले तांदळाचे सात दाणे. हळदीचा वाळलेला थर. "नारळाचं पाणी गेलंय आत. आधीच्यानं बरंच पुसलंय, कोपऱ्यात राहिलं."

सुभेदाराला तोंड कुठं लपवावं कळेना. एवढ्या वयाचा माणूस, आणि सात दाण्यांकडं बघून कान तापले. पुसलं होतं म्हणजे आसिफला ठाऊक होतं. मग तो बोलला का नाही?

परतताना तो मलकापूरला उतरला. दुकानातल्या बाकड्यावर एरवी चार-पाच पेन्शनर टेकलेले असायचे. आज बाकडं रिकामं होतं.

"आसिफ, तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग सांगायचं न्हाई व्हय रं? मी एवढं लिवलं, तवा तरी?"

आसिफ हातातला स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिला. "काय सांगू? पूजेनं मशीन बिघडलं, असं मी सांगायचं? आसिफनं?" मग हळूच म्हणाला, "तुमच्या ग्रुपवर मग काय लिवलं असतं, सुभेदार?"

सुभेदाराला तो अंगठा आठवला. "चुकलो," एवढं कसंबसं बोलून तो बाहेर पडला.

घरी येऊन त्यानं ग्रुपवर सगळं लिहिलं. नारळ, अक्षता, स्वतःचं नाव, काही झाकलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन उत्तरं आली. एकानं हात जोडले होते, दुसऱ्यानं कसल्यातरी लग्नाची पत्रिका टाकली होती.

"वाचलं असंल की समद्यांनी," चंद्राबाई म्हणाली.

"पयलं कसं वाचलं हुतं, बघितलंस न्हवं?" सुभेदारानं चपला घातल्या.

तो आधी जयराजच्या दारात गेला. जयराज हसून म्हणाला, "या, बसा. वाचलं मी. हुतं असं, सोडा आता."

"आसिफनं काय केलं न्हाई, जयराज. केलं ते मी. आन् तू लिवलंस त्याखाली अंगठा लावला, ते तर लयच वंगाळ केलं. तुजंबी चुकलं, पर मी वयानं मोठा हुतो."

जयराजचं हसू गेलं. तो म्हणाला, "चहा ठेवायला सांगतो. बसा तरी."

"न्हाई बसत," सुभेदार म्हणाला. त्याची मान खाली होती. "अजून सत्तर दारं ऱ्हायलीत."