गयामावशींची मूठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, ते तुमच्यावर फार विश्वास आहे म्हणून नव्हे. माझा स्वभावच संशयी. गवळ्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारी बाई मी.

दुष्काळात तेरखेड्याजवळच्या वाशीला आम्ही बायकांनी मसाल्याची सोसायटी काढली. उन्हात खडी फोडण्यापेक्षा सावलीतलं काम बरं. काळा मसाला करावा तर गयामावशींनीच, असं सगळं गाव म्हणायचं. मला लिहिता येत होतं, म्हणून त्यांची कृती मी उतरवून घेतली. पण ती कृती म्हणायची? धने वास सुटेपर्यंत भाजा, खोबरं अंदाजानं, पायलीभर धन्याला लवंगा मूठभर! मूठभर म्हणजे किती तोळे, विचारलं तर हसल्या. "तोळे कशाला ग? हाताला कळतंय की."

मला वाटलं, म्हातारी पक्की आहे. खरं माप पोटात ठेवते. नाहीतर इतकं मोघम कोण सांगतं?

पुढं त्या तापानं पडल्या आणि मसाला मी केला, कागदात बघून. असा कडू झाला की जिभेवर ठेववेना. मिनतवारीनं जमवलेलं खोबरं, धने, सगळं मातीत गेलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणाले, मावशींनी मुद्दाम चुकीचं सांगितलं.

ताप उतरल्यावर त्या माझ्या दारात आल्या. उजवी मूठ पुढं धरली. "म्या एवढंच म्हणलं व्हतं ना? वाच की जरा."

त्या मुठीत तीनच बोटं होती. दोन तेरखेड्याला फटाके करताना गेलेली. साऱ्या गावाला ठाऊक, मलाही ठाऊक — पण लवंगा मोजताना कुठं आठवलं? त्यांची मूठ माझ्या मुठीच्या निम्मीच होती.

मी कागद काढला. त्यावर मूठभर असंच होतं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"दोन मुठी लिहिलंय, मावशी," मी म्हणाले.

त्या जरा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "असंल बाई. म्याच चुकले असंन."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी आपली चूक कबूल केली आणि खडी फोडायला निघून गेल्या, त्याच हातानं. मी तिथंच बसले होते. मान खाली घालून धने निवडत होते.