टाकीच्या झाकणावरचं कुंकू

देवाशी माझं भांडण नव्हतं, पण फारसं येणंजाणंही नव्हतं. मी ओझरला कारखान्यात फिटर. यंत्र बिघडलं म्हणजे त्याला कारण असतं आणि चिकाटीने शोधलं की ते सापडतं, एवढ्यावरच काय ती माझी श्रद्धा. तिलाही एका मोटारसायकलने सुरुंग लावला, तिथपासून सांगतो. साल नेमकं आठवत नाही, पण आमच्यासारख्यांच्या खिशात अजून मोबाईल आलेला नव्हता.

गाडी माझी नव्हे, धाकट्या विलासची. फौजेत भरती होण्याआधी त्याने हौसेने घेतलेली, पुढे वाकून बसायची, रेसच्या गाडीसारखी लाल टू-स्ट्रोक. जाताना चावी माझ्या हातात देऊन म्हणाला, "दादा, हिला उभी ठेवू नकोस, चालवत राहा." त्या हिवाळ्यात तो वर कुठेतरी बर्फात होता आणि दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. आईने एक नेम धरला. रोज सकाळी देवपूजा झाली की हळदकुंकवाची वाटी घेऊन अंगणात यायची आणि गाडीच्या टाकीच्या झाकणावर ओलं कुंकू लावायची. मी एकदा चिडवलं, "आई, दसरा वर्षातून एकदाच असतो." ती म्हणाली, "त्याचं कपाळ हाय का इथं? मग लावू कुठं?"

आणि नेमकी तीच गाडी मला छळू लागली. घरून निघताना सुसाट. सात-आठ किलोमीटर गेलं की अ‍ॅक्सिलरेटर पिळा नाहीतर तिच्या पाया पडा, पिकअप म्हणून नाही. आधी गुरगुरायची, मग झटके देत बंद. कडेला घेऊन झाकण उघडून बघावं तर टाकीत पेट्रोल असायचं. किक मारली की पुन्हा शहाण्यासारखी चालू. मी नोंदींची वही केली. प्लग काढून पाहिला तर पांढरट, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पोचतंय इतकं कळलं. का, ते कळेना. कार्बोरेटर तीनदा उघडला, त्यातले बारीक भोकांचे जेट फुंकले, फिल्टर बदलला, टाकी काढून धुतली. नळी सोडून बाटलीत धार धरून पाहिली, ती झकास. घरी सगळं झकास आणि रस्त्यावर बोंब. खरं सांगतो, राग यायचा पण गंमतही वाटायची. जेवताना घास हातात तसाच धरून मी टाकी, कॉक, नळी, जेट अशी पेट्रोलची वाट मनातल्या मनात चालत असायचो. शेवटी वहीत लिहिलं की गाडी गरम झाली की बंद पडते, थंड झाली की चालते. निदान चुकीचं होतं, पण माझा त्यावर पक्का विश्वास होता.

एक गोष्ट मात्र त्या वहीत नव्हती. गाडी पुसताना मी झाकणाला हात लावत नसे. आईचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून तेवढी जागा सोडून फडकं फिरवायचो. पेट्रोल भरताना चावी फिरवून झाकण अलगद उचलायचं आणि तसंच परत बसवायचं. देवाला न मानणारा मी, पण तिथे बोट लावायची छाती नव्हती.

मार्गशीर्षात विलासचं पत्र आलं. चारच ओळी. आमच्या घरी फोन नव्हता, त्याला वणीच्या मामाचा नंबर पाठ होता. रविवारी बारा ते एकच्या दरम्यान फोनची पाळी आहे, आईला मामाकडे आणून ठेव, नंतर आणखी वरच्या चौकीवर जायचं आहे, मग कधी जमेल सांगता येत नाही. आईने ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि शेवटच्या ओळीला तिन्ही वेळा मान खाली घातली. मी म्हटलं, सकाळच्या एसटीने जाऊ. "नाय. त्याच्याच गाडीवर जायचं. तो इचारील गाडी कशी हाय, तवा बसून आले म्हणून सांगता येईल." गाडी भरवशाची नाही म्हटलं, तर म्हणाली, "तू हायेस ना दुरुस्तीला." माझी फुशारकी अशी माझ्याच गळ्यात आली.

नऊला निघालो. आई मागे, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात विलासचं पत्र ठेवलेली पिशवी. जानोरीच्या पुढे पहिल्यांदा बंद पडली. झाकण उघडून पेट्रोल बघितलं, दहा मिनिटं थांबलो, चालू झाली. दिंडोरीच्या अलीकडे पुन्हा तेच. दिंडोरी सोडल्यावर तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा टाकी नुकतीच बघितली होती, म्हणून झाकण उघडलं नाही. नुसती थंड होऊ दिली. पण या वेळी ती काही केल्या चालू होईना. किक मारून मारून पोटरी भरून आली. घड्याळात अकरा वाजून गेले होते. एक जीप माणसं लटकवून गेली, थांबलीसुद्धा नाही. आई दगडावर बसून लांब सप्तशृंगीच्या डोंगराकडे बघत होती. त्यापेक्षा तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाना खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "मला कळत नाही." कुणाला म्हणालो कोण जाणे. पण उभ्या जन्मात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

तहान लागली म्हणून शेजारच्या द्राक्षबागेकडे गेलो. बांधावर पाण्याचा मोठा ड्रम आणि त्याच्याजवळ एक बाई. भात काढून सुरगाण्याकडची माणसं द्राक्षाच्या कामाला येतात, त्यांच्यातली असावी. फवारणीसाठी ड्रमच्या तोटीखाली बादली धरून उभी होती. तोटी उघडीच, पण धार बारीक होत होत थेंबावर आली. पाणी संपलं असं मला वाटलं. तिने बादली खाली ठेवली, ड्रमचं वरचं बूच हाताने दोन फेरे सैल केलं, आणि खाली पाणी धो धो सुटलं. मी बघतच राहिलो. ती माझ्याकडे बघून हसली. "वरून वारा गेल्याबिगर खालून पाणी कसा येल?" एवढं म्हणून तिने मला ओंजळभर पाणी दिलं आणि बादली उचलून ओळीत निघून गेली.

मी पाणी प्यायलो की नाही ते आठवत नाही. धावत गाडीशी आलो आणि झाकण उघडलं. फुस्स करून टाकीने हवा आत ओढली; हा आवाज आधीही झाला असणार, पण मी कधी कान दिला नव्हता. झाकणात बारीकसं भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तसा तिथून वारा आत यायला हवा. मी उलटं करून पाहिलं तर भोक बुजलेलं, लाल, दगडासारखं घट्ट. दोन महिन्यांचं हळदकुंकू. घरी तपासताना झाकण दरवेळी आधी उघडायचो, म्हणून सगळं झकास दिसायचं. जो भाग मी भक्तीने म्हणा की भीतीने म्हणा सोडून दिला होता, रोग तिथेच होता. आईकडे सेफ्टी पिन मागितली. तिने पदराची काढून दिली. भोक मोकळं केलं आणि दुसऱ्या किकला गाडी उठली.

"काय व्हतं रं?" आईने विचारलं. दुसऱ्या कुणाची चूक सापडली असती तर मी चारचौघांत व्याख्यान दिलं असतं. पण जिभेवर आलेलं गिळलं. "कचरा अडकला होता," म्हणालो आणि पिन परत दिली. तिने पिनेचं लाल झालेलं टोक बघितलं, ती पदराला लावली आणि मागे बसली.

वणीला पोचलो तेव्हा साडेबारा होत आले होते. मामा दारातच उभा. फोन अजून आलेला नव्हता. आई पायसुद्धा न धुता फोनशेजारी जाऊन बसली. एकला पाच-सात मिनिटं असताना घंटा वाजली. लाइनवर खरखर इतकी की विलास ओरडून बोलत होता, आणि त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. जेवलास का, थंडी लय हाय का, असं ती विचारत राहिली. मग तो म्हणाला, "आई, माझी गाडी कशी आहे?"

आईने माझ्याकडे बघितलं. पदराची पिन चाचपत म्हणाली, "तुझ्या कपाळाला कुंकू जरा जास्त झालं व्हतं. तुझ्या दादानं पुसलं. आता झ्याक पळती."

मला तिथे उभं राहवेना. अंगणात जाऊन गाडीजवळ मनसोक्त रडलो.

परतताना मी आईला त्या ड्रमवाल्या बाईचं सांगितलं. पुढच्या रविवारी तिच्यासाठी साडीचोळी घेऊन आम्ही त्या बागेवर गेलो. मजुरांची टोळी दुसरीकडे गेली होती. मालकाला त्या बाईचं नाव सांगता येईना. आईने साडीचोळी गडावर देवीपुढे ठेवली. ती बाई म्हणजे देवीच, असं तिने मानलं, मी वाद घातला नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तीन वेळा कार्बोरेटर उघडून जे सापडलं नव्हतं, ते "मला कळत नाही" म्हटल्यावर काही मिनिटांत समोर आलं. विलास उन्हाळ्यात सुटीवर आला, धडधाकट. आई अजूनही रोज गाडीला कुंकू लावते, पण आता हेडलाइटवर. आणि लावून झालं की मला हाक मारून विचारते, "वारा जाया जागा हाय ना?" मी हो म्हणतो आणि हात जोडतो.