पटावरची दोन नावं

परवा इथे बहारीनमध्ये, मीना सलमान बंदरात, आमच्या गोदामाचा एसी बंद पडला आणि आम्ही सगळे चहाचे कप घेऊन बाहेर सावलीत जाऊन बसलो... मी तिथे स्टोअरकीपर. शेजारी डेल होता, आमचा अमेरिकन सुपरवायझर. एरवी कामापुरतं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याची गाडी गावावर घसरली.

नेब्रास्कात कुठेतरी मक्याच्या शेतांमध्ये त्याचं गाव आहे. रेल्वे आली म्हणून वसलं, धान्याचं मोठं कोठार झालं, बँक झाली, दोन दुकानं झाली. वेशीवर लोकसंख्येची पाटी आहे म्हणे... त्याच्या लहानपणी आकडा तीन अंकी होता, आता दोन अंकी.

मी विचारलं, रेल्वे बंद झाली म्हणून का? तर म्हणाला, नाही, रेल्वे गेल्यावरही गाव तग धरून होतं. शाळा गेली आणि मग सगळंच गेलं.

शाळेत मुलं आधीच कमी होती. त्यात एक कुटुंब तीन मुलांना घेऊन शहरात गेलं, मुलं चांगल्या शाळेत शिकावीत म्हणून. पुढच्या वर्षी शाळेला कुलूप लागलं. "माणसं वाईट नव्हती," डेल म्हणाला, "पण माझी आई त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही."

मग त्याने सहज विचारलं, तुझ्या गावात शाळा आहे ना?

मी म्हटलं, आहे की! आणि म्हणता म्हणताच आमच्या शाळेचे गुरुजी आठवले...

दोन वर्षांपूर्वी फॅमिली व्हिसा झाला तेव्हा मी सुट्टीवर गावी गेलो होतो. इथल्या शाळेला पोरांचे दाखले हवे होते. गुरुजी दाखले काढेनात. पट नऊवर आलाय, म्हणाले, तुमची दोन नावं गेली की वरून शाळा बंद करतील, निदान हे वर्ष तरी थांबा. मी हसलो होतो. "गुरुजी, माझ्या दोन पोरांवर शाळा चालते काय?"

त्यांनी गुपचूप सही केली. त्याच वर्षी शाळा बंद झाली. मला कळलं होतं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलं होतं... मी हात जोडलेला इमोजी टाकला आणि कामाला लागलो.

रात्रभर काही सुचलं नाही. सकाळी डेलला गाठलं आणि सांगून टाकलं, आमची शाळा बंद झाली, आणि ते शहरात गेलेलं कुटुंब म्हणजे मीच. मग त्याने एवढंच विचारलं, "उरलेली मुलं आता कुठे जातात?"

मला ठाऊक नव्हतं! दोन वर्षांत एकदाही मी विचारलं नव्हतं. लाज वाटली, खरंच सांगतो.

ब्रेकमध्ये गावी सुरेखा वहिनीला फोन लावला. माझ्या चुलतभावाची बायको, तिची सायली तेव्हा पहिलीत होती. "सायली ना? ती मामाकडं हाय, चिपळुणात," वहिनी म्हणाली. "पलीकडच्या गावची शाळा लांब, पावसात वाटेतला पऱ्या पाण्यानं भरून व्हातो, एवढुशा पोरीला कसा धाडायचा? येते मग कधीमधी शनवारी."

पोरांशिवाय मला इथे राहवत नव्हतं, जेवण जात नव्हतं, म्हणून मी त्यांना घेऊन आलो. आणि त्यापायीच वहिनीचं घर तिच्या पोरीविना राहिलं...

गुरुजींचं तेव्हा ऐकायला हवं होतं. निदान एक वर्ष. आता दाखला परत नेऊन दिला तरी शाळा उघडायची नाही.

चूक कबूल करायची म्हणून मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात पलीकडून वहिनीच म्हणाली, "भावोजी, तुमची पोरा बरी हायत ना? जेवतात ना नीट?"