पाठकोऱ्या कागदावरचा जबाब

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात जिन्याखाली एक खोली आहे. तिला खिडकी नाही, आणि उंच माणूस आत शिरला की डोकं चोळतच बाहेर येतो. ती कुणालाच नको होती, म्हणून बावीस वर्षांपूर्वी मावशींना मिळाली.

मावशी सफाईच्या कामाला. तीन मजल्यांचा कचरा त्या खोलीत यायचा आणि मावशी तो निवडायच्या. काच इकडे, प्लास्टिक तिकडे, चहाचे कप कोपऱ्यात. एकाच बाजूला छापलेले पाठकोरे कागद त्या जपून बाजूला काढायच्या. यजमान शिंपीकाम करायचे. त्यांच्याकडून दाभण आणि जाड दोरा आणून मावशी त्या कागदांच्या वह्या शिवायच्या आणि टेबलाटेबलावर ठेवायच्या. अख्ख्या विभागाची कच्ची आकडेमोड त्यांच्यावरच चाले. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चांगला कागद वाया जाताना बघून त्यांचा जीव तुटायचा आणि डोकं फिरायचं. कागदाच्या डब्यात कुणी चहा ओतला, तर मावशी त्याला भर व्हरांड्यात गाठून विचारायच्या, "घरी कपड्यांच्या कपाटात ओतता का हो चहा?" मोठमोठे प्राध्यापक त्यांना बघून जिना बदलायचे.

यंदा विद्यापीठाला कचऱ्याची आठवण झाली आणि एक समिती नेमली गेली. समितीत एकोणीस माणसं, आणि त्यातल्या एकानेही जन्मात कचऱ्याचा डबा उचललेला नाही. नुसतं उंटावरून शेळ्या हाकायचं काम. मावशींना बैठकीला कुणी बोलावलं नाही. बोलावलं ते बैठक संपल्यावर, टेबल आवरायला.

टेबलावर एकोणीस बाटल्या होत्या, एकेक घोट पाणी प्यायलेल्या. एकोणीस प्लास्टिकचे फोल्डर होते, प्रत्येकात बारा पानं, सगळी एकाच बाजूला छापलेली. विषय कोणता, तर कचरा कमी कसा करावा. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. मावशींनी पाणी झाडांना घातलं आणि उरलेलं सगळं खोलीत नेऊन काट्याला अडकवलं. पावणेतीन किलो भरलं.

फोल्डरमधून कागद काढताना त्यांची नजर दहाव्या पानावर गेली. सातवा ठराव: जिन्याखालील भंगाराची खोली रिकामी करून समितीच्या कार्यालयास द्यावी. खाली 'मंजूर' आणि समितीच्या अध्यक्षांची, म्हणजे याच विभागातल्या सरांची, सही.

तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं या खोलीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता आयत्या बिळावर नागोबा येऊन बसणार. तेही कचरा कमी करायला, कचरा निवडायची जागाच काढून घेऊन. आणि भंगार म्हणे.

त्या संध्याकाळी एकोणीसही फोल्डरमधली दहावी पानं पिशवीतून घरी आली. यजमानांनी शिवण थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"तोंड आवर जरा," ते म्हणाले. "नोकरी आहे आपली."

"तोंड आवरते. हात नाही आवरायची."

मग त्या एकोणीस पानांच्या पाठीवर मावशींनी ठळक अक्षरात लिहिलं: 'तुमच्या बैठकीचा कचरा पावणेतीन किलो. तो जिन्याखालच्या खोलीत मी निवडला. खोली घेणार असाल तर उद्यापासून आपापला कचरा आपापल्या हाताने निवडा.' सकाळी एकेक पान समितीतल्या एकेकाच्या टेबलावर गेलं.

दहाच्या सुमारास अध्यक्षांनी बोलावणं धाडलं.

"मावशी, हे काय लिहिलंय तुम्ही?"

"पुढची बाजू पण बघा, सर. ती तुमची आहे."

सरांनी पान उलटून सातवा ठराव वाचला. पुन्हा वाचला. "ही खोली म्हणजे... तुमची?"

"सर, तुम्ही न वाचताच सही केलीत?"

"कचेरीतून गठ्ठा आला होता. सह्या करून दिल्या मी."

एका सहीत बावीस वर्षं गेली होती, आणि करणाऱ्याला पत्ताही नव्हता. "आम्ही फेकलेला कागदसुद्धा वाचून बाजूला ठेवतो, सर," त्या म्हणाल्या.

"बरं, पुढच्या बैठकीत बघू."

"आत्ता बघा. पुढच्या बैठकीचा कचरा मी उचलणार नाही."

सर ओशाळले. त्यांनी कपाटातल्या कोऱ्या कागदांच्या नव्या रिमाकडे हात नेला. त्याआधीच मावशींनी टेबलावरची शिवलेली वही त्यांच्यापुढे सरकवली.

"नवा कशाला नासताय? याच्यावर लिहा."

सरांनी लिहिलं, सातवा ठराव रद्द. पान फाडून पुढे केलं. मावशींनी ते घेतलं नाही.

"सही करा," त्या म्हणाल्या. "पण आधी वाचून दाखवा."