मावशी जागेवर होती

ही गोष्ट माझ्या घरात कोणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. बाबा भिलाईच्या सेक्टर दोनमधलं क्वार्टर सोडून आता माझ्याकडे राहायला आलेत, आणि दर चार दिवसांनी विचारतात, "कौशल्या अशी कशी गेली रे?" मी सांगतो, ऊन लागलं बाबा. ते खोटं नाही. ऊनच लागलं होतं. पण ती त्या उन्हात कशासाठी बसली होती, हे मला माहीत आहे — आणि माझ्याशिवाय कोणालाही नाही.

तुम्ही माझे कोणी लागत नाही. म्हणून तुम्हाला सांगू शकतो. ओळखीच्या माणसापुढे तोंड उघडलं की माझ्या तोंडून काहीतरी दुसरंच बाहेर पडतं, हे आता मला कळलं आहे.

मी निगमात, म्हणजे महापालिकेत, बाबू आहे. अतिक्रमण, पार्किंग, हातठेले — ज्या शाखेची गाडी दिसली की बाजारातली माणसं सामान आवरायला लागतात, त्या शाखेत. कुठल्या रस्त्यावर गाडी उभी करायची, कुठे नाही, कोणाचा ठेला राहील, कोणाचा उचलायचा, हे ठरवणारे साहेब वेगळे. ते ठरवतात ते आम्ही लिहून देतो त्या कागदावरून. लिहिणारा मी. लोकांना वाटतं सही महत्त्वाची. नाही हो. सहीच्या वर जे लिहिलेलं असतं ना, तेच खरं.

कौशल्यामावशी माझी सख्खी मावशी नव्हती. सेक्टर दोनमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. आमची माणसं भंडाऱ्याकडची, तिचीही तिकडचीच. मी सात वर्षांचा असताना आईला टीबी झाला. ती जवळजवळ वर्षभर दवाखान्यात होती आणि बाबांची स्टील प्लांटमध्ये शिफ्ट ड्युटी. ते वर्ष मी मावशीच्या घरी जेवलो. वंदना, तिची मुलगी, तेव्हा रांगत होती. मावशी एका मांडीवर तिला घ्यायची आणि समोर मला बसवायची. पुढे तिच्या नवऱ्याला दारूपायी नोकरीवरून काढलं, क्वार्टर गेलं, ती माणसं कोहक्याला भाड्यानं राहायला गेली. नवराही गेला. मग मावशीनं बाजाराच्या रस्त्यावर तर्री-पोह्याचा ठेला लावला. त्यावरच तिनं वंदनाला शिकवलं, लग्न करून दिलं. जावई रेल्वेत, भिलाई-तीनला.

हे सगळं मी का सांगतो आहे? ती कोण होती हे कळावं म्हणून? की मूळ गोष्ट अजून थोडी लांबावी म्हणून?

सहा वर्षांपूर्वी त्या रस्त्याचं पार्किंग करायचं ठरलं. रस्ता खरोखरच तुंबायचा, त्यात वाद नाही. दोन्ही बाजूंनी ठेले, मध्ये मोटरसायकली. ठेले हटवायचे, पण त्याआधी सर्वे करायचा. जो आपल्या जागेवर सापडेल त्याचा फोटो, त्याचं नाव यादीत, आणि यादीतल्या प्रत्येकाला मागच्या मैदानात पक्की जागा. जो सापडणार नाही, त्याचा ठेला सरळ उचलायचा. नियम एवढाच होता. सर्वे माझ्याकडे आला.

सर्वेच्या दोन दिवस आधी नवीन साहेब रस्ता बघायला आले. रायपूरहून बदलून आलेले, तरुण, कडक. मी फाइल घेऊन त्यांच्या बाजूने चालत होतो. त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि माझं हिंदी — मला सांगायला लाज वाटते — माझं हिंदी मी त्यांच्यासारखं करून बोलत होतो. मी मराठी आहे हे ऑफिसात फारसं कोणाच्या ध्यानातही नसायचं. मला ते आवडायचं.

आणि ठेल्यावरून आवाज आला, "अरे वश्या!"

मी न ऐकल्यासारखं केलं. ती झारा हातात घेऊनच रस्त्यावर आली. साहेबांना म्हणाली, "साहब, ये हमारा वश्या है! मेरे घर में खाके बड़ा हुआ. इसकी नाक मैंने पोंछी है, हाव!" आणि पदरानं नाक पुसल्यासारखं करूनही दाखवलं. सगळे हसले. साहेबही हसले. म्हणाले, "तो वसंतजी, मौसी का नंबर तो पहला समझें?" मग हसू थांबवून म्हणाले, "देखिए, सर्वे में रिश्तेदारी नहीं चाहिए."

बस. एवढंच झालं. ऑफिसात दोन दिवस मला वश्या म्हणत होते. शिपाईसुद्धा चहा ठेवताना ओठ दाबून हसला. कोणी मारलं नव्हतं, कोणी काही हिरावलं नव्हतं. ज्या बाईनं वर्षभर मला पोटभर खाऊ घातलं, तिनं तेवढं सांगितलं होतं — आणि तेही कौतुकानं. पण त्या दोन दिवसांत माझ्या पोटात जे साठत गेलं, त्याला मी अजून नाव देऊ शकलो नाही. साहेबांनी 'रिश्तेदारी' म्हटलं म्हणून मी कडक झालो, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला तिचा राग आला होता.

सर्वेच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तिच्या ठेल्यापाशी आलो. बरोबर एक फोटोवाला. पोह्यांवर थाळी झाकलेली, तर्री मंद आचेवर, मावशी नाही. बाजूचा केळीवाला म्हणाला, "पानी लेने गई है, अभी आ जाएगी." थांबायला काय हरकत होती? बाकी लोकांसाठी मी थांबलो होतो. एकाला तर घरून बोलावून घेतलं होतं.

मी पेन काढलं. आणि मान वर केली तर ती येताना दिसली.

हे मला नीट सांगू द्या. मला दिसली. हँडपंपाकडून बादली घेऊन येत होती, पन्नासेक पावलांवर. तिनंही मला पाहिलं, हात वर केला आणि पाय उचलले. बादलीतलं पाणी लुगड्यावर सांडत होतं. मी मान खाली घातली आणि तिच्या जागेसमोर लिहिलं — मौके पर कोई नहीं मिला. ऑफिसची भाषा हिंदी, तेव्हा हिंदीतच. अक्षर माझं चांगलं आहे. फोटोवाल्याला म्हटलं, चलो आगे.

मी पुढच्या ठेल्यापाशी तिच्याकडे पाठ करून उभा होतो तेव्हा मागून तिनं धापा टाकत विचारलं, "वश्या, झालं का रे माह्यं?"

मी वळलोदेखील नाही. म्हणालो, "हाव मावशी, झालं."

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. ती ऑफिसात आली, माझ्या टेबलासमोर उभी राहिली. या खेपेला मला वसंतबाबू म्हणाली. तिला कोणीतरी शिकवलं असेल, किंवा तिलाच कळलं असेल. "तू त झालं म्हणाला होता."

तेव्हा सांगता आलं असतं. दुरुस्तीही करता आली असती, अजून आठ दिवस हरकती घ्यायचे होते. पण दुरुस्ती म्हणजे माझं लिहिणं चूक होतं, हे साहेबांपुढे जायचं. मी कागद चाळल्यासारखं केलं. म्हणालो, "मले वाटलं झालं. पण फोटोच नाही निघाला मावशी. तू त्या वेळेले ठेल्यावर नव्हती ना."

तिचा चेहरा एकदम उतरला. "हाव रे... मी पाण्याले गेली होती." आणि कपाळावर हात मारून घेतला. "माह्यीच चूक झाली बाप्पा. पाच मिनिटं कावून नाही थांबली मी?"

आणि मी म्हणालो, "जाऊ दे मावशी. होते असं."

तुम्ही असं कधी पाहिलं आहे का, की तुमचं पाप दुसरं माणूस तुमच्यादेखत स्वतःच्या डोक्यावर घेतं आहे, आणि तुम्ही ते नीट ठेवायला हात लावता आहात?

नंतरचे अर्ज मीच लिहून दिले. पाच. सगळे माझ्या हस्ताक्षरात, खाली तिचा अंगठा. प्रत्येकात मी लिहिलं की अर्जदार पाणी आणायला गेली होती, म्हणून सर्वेच्या वेळी हजर नव्हती. प्रत्येकावर शेरा आला — अर्जदार स्वतःच गैरहजर असल्याचं मान्य करते, सबब नामंजूर. शेरा हाच येणार हे मला आधीच ठाऊक होतं. आमच्या शाखेत हेच तर करतात. तरी ती मला आशीर्वाद द्यायची. "तू एकटा हाय माह्या मागं," म्हणायची.

ठेला उचलला त्या दिवशी मी जेसीबीच्या मागे यादी घेऊन उभा होतो. ती ओरडली नाही. झारा आणि थाळी तेवढी काढून घेतली. मग रस्त्यावर पांढरे पट्टे मारले, गाड्या लागू लागल्या. ती वंदनाकडे भिलाई-तीनला गेली आणि लोकांच्या घरी पोळ्या करू लागली. साठी उलटलेली बाई.

यंदा उन्हाळ्यात मैदानातल्या काही जागा रिकाम्या झाल्या आणि नव्यानं सर्वे निघाला. जुने ठेलेवाले, जे मागे सुटले होते, ते आपल्या मूळ जागेवर हजर सापडले तर घ्यायचे. तोही माझ्याकडेच आला. मला वाटलं, सुटलो. या खेपेला तिचं नाव मी स्वतः लिहीन, तिला जागा मिळेल आणि हे सगळं कोणाला न कळता मिटेल. कोणाला न कळता — हे मला तेव्हाही हवंच होतं बघा. मी तिला फोन केला. तिनं एवढंच विचारलं, "कोन्त्या दिवशी?" मी म्हणालो, याच आठवड्यात, कधीही.

सर्वे पुढे ढकलला गेला. ते मी तिला कळवायचं विसरलो.

बुधवारी पार्किंगवाला ऑफिसात सांगत आला की एक बुढीबाई सोमवारपासून येते, दोन गाड्यांच्या मधल्या पट्ट्यात बसते, उठवली की पलीकडे सरकते आणि परत येऊन बसते. मी गेलो. दुपारचे बारा. डांबर चपलेला चिकटत होतं. मावशी तिच्या जुन्या जागेवर पोतं अंथरून बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर प्लास्टिकची पिशवी — तिच्यात अर्ज, पाचही. ओठ पांढरे पडलेले.

म्हटलं, "मावशी, घरी जाय. सर्वे पुढच्या हप्त्यात हाय."

"येतीन रे. असंच म्हणते अन् येते ते लोक. मी नाही हालत."

मी पाण्याची बाटली आणून दिली. तिनं ती बाजूला ठेवली. "पेली त उठून जा लागते," ती म्हणाली. "मागच्या बारीले पाण्यापायीच त झालं सारं. आता मी बसून राहिली. पाहू कोण म्हणते नव्हती म्हून."

एक वाक्य होतं. मावशी, तू होतीस, मी पाहिलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. ती उठली असती. मला शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, पण उठली असती, पाणी प्यायली असती, सावलीत गेली असती. ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. आजूबाजूला कोणी साहेब नव्हते, कोणी हसणारं नव्हतं. आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "बरं, त्या गाडीच्या सावलीत तरी बस." आणि मीटिंगला गेलो. मीटिंग नो-पार्किंगच्या पाट्यांबद्दल होती.

तीन वाजता ती पडली. सावलीची गाडी दीड वाजताच निघून गेली होती, असं पार्किंगवाल्यानं नंतर सांगितलं. दवाखान्यात ती दोन दिवस होती. शुद्ध एकदाच आली, तेव्हा मी तिच्या उशाशी होतो. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "आले का?" मी म्हणालो, "हाव मावशी, आले. लिहिलं तुह्यं नाव." तिनं शेवटचं ऐकलं तेही खोटंच.

बाहेर बाकावर वंदना मला विचारत राहिली, "दादा, आई कावून बसली असंल तेथी? पानी बी नाही पेलं म्हणते. कावून?"

मी म्हणालो, "काय माहीत."

पंधरा दिवसांनी खरोखरच सर्वे झाला. तिच्या जुन्या जागेवर एक पांढरी कार उभी होती. तिच्या नावासमोर जे लिहायचं ते मीच लिहिलं, आणि या खेपेला ते खरं होतं.

राखीला वंदना आमच्या घरी आली. वर्ष उलटलं नाही, सण करायचा नसतो, पण ती म्हणाली, "दादा, आई गेली त माहेर सरलं. आता तूच." बाबा समोर बसले होते. बायकोनं ताट आणलं. वंदनानं डबीतून राखी काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हात पुढे केला.