साडूच्या बिअरला माझी नळी

पाइपमधलं मला सगळं कळतं, असा घाटनांदूर परिसरात समज आहे. तो पसरवण्याचं काम मी एकट्यानं केलं आहे. माझं ठिबक सिंचन आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट ऐकवतो, "नळी बारीक अन् लांब टाकली की प्रेशर मरतंय. जाड अन् आखूड टाका!"

त्या शनिवारी सासरे येणार होते. त्यांच्या सीताफळाच्या बागेला ठिबक करायचं होतं, आणि ते काम मला द्यायचं की नाही हे ते माझ्याशी बोलून ठरवणार होते. (जावई असूनही! यावरून माझी पत लक्षात यावी.) नेमका त्याच दिवशी पुण्याचा साडू आशिष बिअरचं पिंप घेऊन हजर झाला. सोबत गॅसचा छोटा सिलिंडर, नळ आणि वेटोळं केलेली, सलाईनसारखी बारीक लांबलचक नळी. घरच्या घरी नळातून बिअर! सासऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून आम्ही सगळं गच्चीवर नेलं, जोडलं आणि पिंप बर्फाच्या टबात बसवलं.

"प्रवासात हलली आहे. संध्याकाळपर्यंत थंड होऊ द्या, तोवर हात लावू नका," असं म्हणून आशिष जेवला आणि खाली झोपला.

हात लावू नका! कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण उचलायला जाणारा माणूस मी. दुपारभर माझ्या गच्चीवर फेऱ्या सुरू. बर्फ सरकव, पिंप हलवून बघ, नळ उघडून बघ. ग्लासात बिअर आली, पण कशी? रेंगाळत! मला लाजच वाटली. एवढी बारीक नळी? एवढी लांब? आणि पाइपवाल्याच्या घरात?

गॅस बंद करून ती नळी काढली आणि दुकानातून हातभरच लांबीची, जाड नळी आणून लावली. क्लिपा आवळल्या. गॅस सोडला. मग वाटलं, प्रेशर जरा वाढवावं. मग वाटलं, अजून जरा.

तेवढ्यात खालून बायको ओरडली, "अवो, बाबा आलेत! कावून वर जाऊन बसलात?"

"आलो, आलो!" म्हणालो, आणि जाता जाता एकदा बघू म्हणून नळ उघडला.

फेस! ग्लासात फेस, टबात फेस, वाळत घातलेल्या पापडांवर फेस, माझ्या नाकात फेस! नळ बंद करायला गेलो तर नळी क्लिपेसकट निसटली आणि गच्चीभर नाचायला लागली. मी तिच्या मागं. तोवर फेसाचा लोंढा गच्चीच्या पन्हाळीकडं निघाला. पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून तिथं मीच जाड, आखूड पाइप बसवला होता. त्या दिवशी माझा तेवढा एकच पाइप नीट चालला.

त्याच्या बरोबर खाली सासरे पाय धूत होते.

"ह्ये काय हाय?" त्यांनी टोपी पिळत विचारलं.

"टाकी धुवायलेत वरची," बायको म्हणाली.

सासऱ्यांनी मिशीवरचा फेस चाखला. "टाकीला असली चव ऱ्हात न्हाई, बाई."

ते तडक जिना चढून वर आले. त्यांच्या मागून डोळे चोळत आशिष. त्यानं पिंपाकडं पाहिलं, जाड नळीकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, दाब मरावा म्हणूनच ती नळी बारीक आणि लांब होती! गॅसचा जोर वाटेतच जिरला पाहिजे, नाहीतर सगळा फेसच होतो."

"म्हंजी जेवढं प्रेशर, तसली नळी?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो. दोन्हींचा मेळ बसला की धार बरोबर पडते."

सासरे बराच वेळ मान हलवत राहिले. माझा जीव टांगणीला!

"जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "आमच्या ठिबकाचं तुमीच बघा."

माझा जीव भांड्यात पडला. "बघतो की, मामा!"

"तुमाला न्हाई, ह्यांना म्हनालो."

आशिष पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. सीताफळ त्यानं फक्त आइस्क्रीममध्ये पाहिलेलं. तरी नळ्या निवडायला दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर तो बसला. निदान कापून तरी द्याव्यात म्हणून मी कात्री उचलली, तर सासरे लगबगीनं पुढं आले आणि ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुमी हात लावू नका," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत नुसतं थंड बसा."