मालिका संपल्यावरचा फोन

आमच्याकडे मालिका खरी सुरू व्हायची ती संपल्यावर. पडद्यावर नावं सरकायला लागली की आई टीव्हीचा आवाज बारीक करायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि फोनकडे बघत बसायची. फोन आत्याचा असायचा. भोपाळात आम्ही साकेत नगरात, ती अरेरा कॉलोनीत. संध्याकाळी दहा नंबर मार्केटात भाजीला जाता जाता डोकावून यावं एवढंच अंतर, पण आजीच्या वर्षश्राद्धानंतर त्या दोघींनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आजोबा सरकारी नोकरीपायी नागपूरहून भोपाळला आले, त्यानंतर ती जन्मली. इथेच शिकली, इथल्याच घरात दिली. तिच्या मराठीत हिंदी इतकी मुरलेली की कुठली कुठे संपते ते तिलाही सांगता आलं नसतं. आई सांगलीची. नवी नवरी होती तेव्हा तिला वाटायचं, ही माणसं आपली थट्टा करायला मुद्दाम असं बोलतात.

भांडण झालं ते आजीच्या शेवटच्या दिवसावरून. आजी आमच्या घरामागच्याच मोठ्या दवाखान्यात होती. दुपारी डॉक्टरांनी आईला बाजूला बोलावून सांगितलं की जवळच्या माणसांना बोलावून घ्या. आईने आत्याला फोन केला. आणि म्हणाली काय, तर आईंना बरं नाही, येऊन जा. आमच्याकडे अशुभ तोंडाने काढत नाहीत. माणूस निघालेलं असलं तरी बरं नाही म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. पण आजीला वर्षभर बरं नव्हतंच, आणि येऊन जा हेही आई येताजाता म्हणत होती. आत्या आली तेव्हा आजी गेलेली होती. तिने हंबरडा फोडला आणि जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाली की मला कुणी कळवलंच नाही, पोटच्या पोरीला कळवलं नाही.

आई म्हणाली, मी फोन केला होता. आत्या म्हणाली, आलाच नाही. तेराव्याला तेच, वर्षश्राद्धाला तेच. गोष्ट नागपूरपर्यंत गेली आणि लोकांनी आत्याची बाजू धरली, कारण रडणाऱ्याचं लोकांना खरं वाटतं. बाबा म्हणायचे, जाऊ दे. बाबांचा जन्म जाऊ दे म्हणण्यात गेला, आणि मला त्या दोन शब्दांचा अजून राग येतो. आईला माफीबिफी नको होती. आत्याने एकदा, एकाच माणसासमोर का होईना, म्हणावं की फोन आला होता, एवढंच तिला हवं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला ती आत्याच्या कपाळाला कुंकू लावायची, हातावर वाण ठेवायची, आणि ते सगळं दुसरीकडे बघत करायची.

मग घरात मराठी चॅनल आलं. केबलवाला खूप कुरकुरला होता. ‘आंटी, यहाँ मराठी कौन देखता है?’ असं त्याने विचारलं, तर आईने त्याला गल्लीतल्या मराठी घरांची नावं म्हणून दाखवली. त्या वर्षी एक नवी मालिका लागली होती. साताऱ्याकडच्या एका कुटुंबाची खानावळ, घरात सासू, सून आणि पुण्याला दिलेली नणंद. आई पहिल्या भागापासून तिला चिकटली. एका संध्याकाळी ऐन रंगात फोन वाजला. आत्या होती. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. त्यांच्या भागात लाइट गेली होती, आणि सुनेने पैंजण परत केले की नाही हे तिला कळायला हवं होतं. आईने सांगितलं. मग आत्या म्हणाली की तिने परत करायला नको होते, आणि आई म्हणाली की करायलाच हवे होते. यावर दोघींची इतका वेळ जुंपली की भात गार झाला. त्या दिवसापासून फोन रोज यायला लागला.

न बोलता एक नियम ठरला होता. घरचं काही काढायचं नाही. कोण आजारी, कुणाचं लग्न, ते आम्ही बाहेरून ऐकायचो. फोनवर फक्त मालिका. आणि त्या बाबतीत दोघींना तोड नव्हती. नवी मालिका लागली की आत्याचा निकाल पहिल्याच भागात लागायचा. फालतू आहे वहिनी, बिलकुल जान नाही. आईचं म्हणणं, नव्या सुनेला आणि नव्या मालिकेला लगेच नावं ठेवू नयेत, महिना जाऊ द्यावा. बंद पडलेली मालिका नवं पर्व म्हणून परत यायची, तेव्हा दोघींचं एकमत व्हायचं की शिळ्या कढीला ऊत आणलाय. एकमत झालं तरी ती मालिका मात्र दोघी बघायच्याच. भाकऱ्या थापणारीच्या हाताला पीठ का नाही, आयसीयूत पडलेल्या बाईच्या कपाळावरची टिकली हलत कशी नाही, हे सगळं त्या धरायच्या. मी म्हणायचे, चॅनलने तुम्हा दोघींना पगारी ठेवायला हवं. आई म्हणायची, तू मोठी शहाणी, तुझा तो इंग्रजी मारधाडीचा प्रकार बघ जा.

खानावळीतली सासू मरायला टेकली तेव्हा मला कळलं की या दोघी काय बोलतायत. मालिकेत ती म्हातारी गेली आणि पुण्याची नणंद उशिरा पोचली. त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला, तो आवाज चढूनच. काय बाई आहे ती सून, एक फोन नाही करता आला तिला? आई म्हणाली, केला असेल, सगळंच पडद्यावर दाखवतात असं नाही. आत्या म्हणाली, केला असता तर दाखवला असता. आई म्हणाली, ज्याला बघायचंच नाही त्याला काय दाखवणार. आई बोलत होती आणि तिचा मोकळा हात पदराचं टोक पिळत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता फुटेल सगळं एकदाचं, आणि बरं होईल. पण आत्या म्हणाली, ‘उद्याचं बघू या वहिनी,’ आणि तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

मालिका वर्षभराने एकाएकी बंद झाली. लोक बघत नव्हते म्हणे. भोपाळमधल्या दोन बाया बघत होत्या, त्यांना कोण विचारतो. तिच्या जागी लागली ती दोघींनी दोन-चार दिवस रेटली. तिच्यात नणंदच नव्हती. फोन आधी दिवसाआड झाला, मग सणासुदीला, मग राहिलाच. आई संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची, पण चष्मा कपाळावर चढवायचं कारण उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी कळलं की आत्या विसरायला लागली आहे. आधी गॅस, मग घरचा रस्ता, मग माणसं. हेही बाहेरूनच कळलं. आईने दोन दिवस टीव्ही लावला नाही. मग म्हणाली, ‘आता ती कधीच म्हणणार नाही ग.’ काय म्हणणार नाही, ते मी विचारलं नाही. इतकी वर्षं आई वाट बघत होती आणि जिच्या तोंडून ऐकायचं तिच्याच डोक्यातून ते पुसलं जात होतं. मला आईची कीव आली आणि आत्याचा संताप आला. आजारी माणसाचा संताप येऊ नये हे कळत होतं, तरी आला.

आणि मग खानावळीची मालिका परत येणार अशी जाहिरात लागली. नवं पर्व, सगळे पंधरा-वीस वर्षांनी मोठे झालेले. आत्याच्या सुनेने स्वतः फोन केला. म्हणाली, मामी, सासूबाई दिवसभर टीव्हीसमोर बसतात पण कशात जीव नाही, ही जाहिरात लागली की तेवढ्या टाळ्या वाजवतात. पहिल्या दिवशी याल का त्यांच्याजवळ बसायला? आईने उत्तर द्यायला वेळ लावला नाही. तिने कपाटातून चांगली साडी काढली. मी गाडी काढली.

आत्या सोफ्याच्या टोकाला बसली होती, शेजारी तिचा जुना लँडलाइनचा फोन. मोबाइल तिला कधी जमला नाही म्हणून मुलाने तो ठेवला होता. सून म्हणाली, बघा, मामी आल्यात. आत्याने आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सोसायटीतल्या कुणा बाईशी बोलावं तसं म्हणाली, या ना, बसा. तुम्ही पण देखता का हे? आई म्हणाली, मला मागची गोष्ट ठाऊक नाही. का म्हणाली कोण जाणे. आत्या खुलली. मागची गोष्ट सांगायला तिला नेहमीच आवडायचं.

तिने खानावळ सांगितली, पैंजण सांगितले, सगळं अगदी बरोबर. आणि तिला स्वतःच्या नातवाचं नाव येत नव्हतं. मग ती सासूच्या मरणापाशी आली आणि तिचा आवाज खाली गेला.

‘फोन आला होता हो नणंदेला,’ ती म्हणाली. ‘वहिनीनं केला होता. पण त्या दिवशी पोरीला बघायला इंदूरचे पाहुणे बसले होते घरात. नणंद म्हणाली, रोजचंच आहे, शाम को जाईन. मग आई गेली. मग लोकांना काय सांगणार, की मी पोहे वाढत होते?’

मालिकेत इंदूर कुठेच नव्हतं. इंदूरचे पाहुणे आत्याकडे आले होते, आजी गेली त्याच दुपारी, आणि आत्याची मुलगी आज त्याच इंदूरच्या घरात नांदते आहे. हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते पाहुणे आणि तो फोन कधी आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मी आईकडे पाहिलं. ती आत्याच्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, ‘मग वहिनीचं काय झालं?’

‘तिचं काय होणार. ती बेचारी सांगत राहिली.’

तेवढ्यात मालिका सुरू झाली. आम्ही बघितली. काय बघितलं ते मला आठवत नाही. नावं सरकू लागली तशी आत्याने आम्हाला हाताने गप्प केलं. म्हणाली, आता माझ्या वहिनीचा फोन येईल. आम्ही सगळ्या त्या फोनकडे बघत बसलो. तो कसा वाजणार होता? शेवटी आईने माझा मोबाइल घेतला, आतल्या खोलीत गेली आणि तिथून नंबर लावला. आत्याने पहिल्याच घंटीला उचलला.

ती बोलायला लागली तो तिचा जुना ठणठणीत आवाज होता. हिरॉइन बदलली मेल्यांनी, बिलकुल शोभत नाही. आई आतून हं हं करत होती. मग आत्या म्हणाली की काही म्हणा वहिनी, चूक त्या सुनेचीच होती, तिने कळवायला पाहिजे होतं. अर्ध्या दारातून मला आईची पाठ दिसत होती. तिने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, ‘हो वन्सं. नीट कळवायला हवं होतं तिने.’

परतताना मी गाडीत आईवर चिडले. आत्ता तर तिने कबूल केलं होतं आणि तू उलट आपल्या अंगावर घेतलंस, असं म्हणाले. आई म्हणाली, तिने मला सांगितलं ना. मी म्हटलं, तुला नाही, शेजारणीला सांगितलं. आई म्हणाली, मग शेजारणीला कळलं. थोड्या वेळाने म्हणाली की मला निदान चारचौघांत ओरडून सांगता येत होतं, तिला ते एकटीने गिळून बसावं लागलं. आणि ती रडली. आजी गेली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आई रोज संध्याकाळी फोन करायची. जन्मात कुणाचं मत मुकाट न ऐकलेली बाई, आत्या जे म्हणेल त्याला हो म्हणायची. नवं पर्व छान आहे, हो. भिकार आहे, हो. हळूहळू आत्याची मतं आटत गेली. मालिका चालू राहिली, ती मात्र नुसती फोन धरून बसायची.

मागच्या आठवड्यात आईने फोन लावला, स्पीकरवर, कारण तिला आता कमी ऐकू येतं. आत्याने विचारलं, कोण. आई म्हणाली, वहिनी बोलतेय. मग एकदम घाबऱ्या आवाजात आत्या म्हणाली,

‘आईला बरं नाही का?’

आईने माझ्याकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ धरला.

‘बऱ्या आहेत आई,’ ती म्हणाली.

‘मग मी उद्या आले तर चालेल? आज घरी पाहुणे आहेत.’

‘चालेल वन्सं,’ आई म्हणाली. ‘पाहुण्यांचं सगळं नीट होऊ द्या. काही घाई नाही.’